कार्पेट बसवणारे पुष्कळ, काढणारा कोण?

सोलापुरात गाडीला नवीन कार्पेट बसवून देणारे पाहिजे तेवढे आहेत. जुनं काढून द्या म्हटलं की मात्र सगळ्यांचे हात दुखायला लागतात. "वरूनच मारून देतो की मालक, कुणाला दिसतंय?" हे मी सात रस्त्यापासून जुन्या पुणे नाक्यापर्यंत इतक्या सीट कव्हरवाल्यांकडून ऐकलं, की शेवटी त्यांनी तोंड उघडायच्या आतच मी गाडी वळवायला लागलो.

गाडी वडिलांची, मारुती ८००. कंपनीने ती २०१४ मध्येच बंद केली. वडिलांनी हौसेने आतून फोमचं मॅटिंग सोल्युशन लावून चिकटवून घेतलेलं. पावसाळ्यात डाव्या सीटपुढे पाय ठेवला की पचकन पाणी वर यायचं आणि कुबट वास तर बाराही महिने. फोम पाणी धरून ठेवतो आणि खाली पत्रा सडत राहतो. त्याच्यावर नवीन कार्पेट मारणं म्हणजे ओल्या गादीवर सोलापुरी चादर अंथरणं.

एक जण तयार झाला. काढण्याचे पैसे वेगळे, तेही आगाऊ. संध्याकाळी जाऊन बघतो तर पठ्ठ्याने सीटच्या कडेकडेने ब्लेड मारून वरचा थर ओढून काढलेला. फोम आणि सोल्युशन जागच्या जागी, सीटचा एक बोल्टसुद्धा सैल केलेला नाही. "निघालं तेवढं काढलं, साहेब." मालकाचा एवढ्यात साहेब झालो होतो. गाडी घरी आणली.

मे महिना होता, तो कामी आला. दुपारी काचा लावून गाडी उन्हात ठेवायची. तासाभरात फोम मऊ पडतो आणि हाताने ओढला तरी पट्टेच्या पट्टे निघतात. सीट मात्र आधी बाहेर पाहिजेत. सोल्युशनचा थर दुपारी खरवडायला जाऊ नका, तार धरतो आणि पट्टीला, हाताला, मग दाराला चिकटत जातो. ते काम सकाळी, पत्रा गार असताना, पेंटरच्या लांबी (पुट्टी) भरायच्या पट्टीने करायचं. पट्टीचे कोपरे कानशीने गोल करून घ्या, नाहीतर रंगावर ओरखडे पडतात. तरीही उरतं त्यावर टर्पेंटाईनमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ ठेवायचं आणि मग पुसायचं. थिनर नको, खालचा रंगच सोडवतो. शेजारचे काका "पेट्रोल मार की" म्हणत होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, गाडीच्या तळाशी साचून राहते, एका ठिणगीत खेळ खल्लास.

हो, काळ्या जाड शीट दिसल्या तर त्या घाण समजून उपटू नका. आवाज कमी करायला कंपनीनेच लावलेलं डांबर असतं ते. पक्कं बसलेलं असेल तर राहू द्या आणि टर्पेंटाईन त्याच्यापासून लांब ठेवा, नाहीतर तेही विरघळून सगळीकडे काळं पसरेल.

डाव्या पायाशी फोम निघाला तेव्हा खरी गोष्ट कळली. पत्र्याला पाणी निघून जायला भोक असतं, त्यात रबरी बूच. त्या बुचावरच सोल्युशन ओतलेलं, त्याचा दगड झालेला आणि भोवती ताटलीएवढा गंज. टोचून पाहिलं तर स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. पाणी येत होतं पुढच्या काचेच्या रबरी बिडिंगमधून. हे शोधायला दोन माणसं लागतात: एकाने बाहेरून काचेवर पाइप धरायचा, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन वाकून बसायचं. एसी असेल तर त्याची पाणी सोडणारी नळीही बघा, ती तुंबली की पाणी आतच उतरतं. बिडिंग बदलली, वेल्डिंग करून पत्र्याचा तुकडा बसवला, रेड ऑक्साइड आणि रंग मारला.

नवीन कार्पेट एका म्हाताऱ्या कुशनवाल्याने घरी येऊन बसवलं. जुने पट्टे मी जपून ठेवले होते, तेच जमिनीवर जुळवून त्याने माप घेतलं. तुम्हीही लगेच कचऱ्यात टाकू नका. बोल्टची भोकं त्याने तापलेल्या सळईने पाडली. ड्रिल फिरवलं की कार्पेटचा धागा त्यात गुंडाळतो आणि लांबपर्यंत उसवत जातो. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं, दारं सताड उघडी ठेवून. मी ते फक्त मधल्या उंचवट्यावर लावू दिलं. पायाखालचे भाग नुसते अंथरलेत, कडा दाराच्या पट्टीखाली दाबल्यात. पावसाळ्यात उचलून बघता येतं.

आगाऊ दिलेले पैसे अजून मिळालेले नाहीत. परवाही गेलो होतो. "उद्या या की मालक."