एकाच ज्वालामुखीची दोन गिऱ्हाइकं

पुण्यातल्या एका छोट्या टूर कंपनीत मी युरोपचं डेस्क बघते, आणि आइसलँड माझ्याच गळ्यात आहे कारण बाकीच्यांना पॅरिस-स्वित्झर्लंड डोळे मिटून विकता येतं. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे छान छान जागा शोधायच्या. जागा सगळ्यांनी रीलवर आधीच बघितलेल्या असतात हो. माझा निम्मा वेळ मे महिना समजावण्यात जातो. पोरांना सुट्टी मेमध्ये, आणि यांना हव्या असतात नॉर्दर्न लाइट्स, आता मेमध्ये तिथे धड अंधारच पडत नाही तर लाइट्स दिसणार कशावर? उरलेला निम्मा वेळ व्हिक आणि हॉफ्नला खोल्या मिळवण्यात, कारण ती गावं एवढीशी आहेत आणि जुलैच्या खोल्या हिवाळ्यातच उडालेल्या असतात.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. १६ जुलै २०२५, बुधवार. तिकडे पहाटेचे चार वाजत आले होते, म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, आणि आइसलँडच्या नैऋत्य टोकाला ग्रिंडाविक गावाजवळ, सुंधनुक नावाच्या ज्वालामुखीच्या पट्ट्यात जमीन पुन्हा फाटली. डिसेंबर २०२३ पासून त्याच पट्ट्यातला हा नववा उद्रेक. ग्रिंडाविक गाव आणि ब्लू लगून, म्हणजे तिथलं गरम पाण्याचं प्रसिद्ध कुंड, रिकामं केलं. आणि आमचा मोठा ग्रुप दहा दिवसांनी निघणार होता, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, थेपले-मेतकूट पॅक करायच्या बेतात.

अकरा वाजेपर्यंत फोनने कान गरम झाला. एका न्यूज चॅनलवाल्यांनी राखेचे काळे ढग दाखवले होते, आणि ते ढग होते २०१० चे! तो एयाफ्यालायोकुल नावाचा आइसलँडचाच ज्वालामुखी, तो बर्फाखाली फुटला होता, लाव्हा आणि वितळलेलं पाणी एकत्र आलं की बारीक राख उडते, तीच विमानांच्या इंजिनात जाते म्हणून तेव्हा युरोपचं आकाश बंद पडलं. सुंधनुकला तसं नाही, तिथे जमिनीला लांब भेग पडते आणि लाव्हा कारंज्यासारखा उडून वाहत सुटतो, राख जवळजवळ नाहीच, विषारी वायूचा त्रास मात्र असतो. केफ्लाविक विमानतळ तिथून किती जवळ आहे, तरी विमानं येत-जात होती. हे मी त्या दिवशी इतक्यांदा सांगितलं की शेवटी शेजारच्या टेबलवरचा पोरगा माझ्याऐवजी सांगायला लागला, तेही बरोबर.

एक काकू म्हणाल्या, "अगं पण जीवावर बेतलं तर?" त्यांना सांगितलं की काकू, तिथे जीवावर बेततं ते रेनिसफियाराच्या समुद्रकिनाऱ्यावर, लोक समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढतात आणि मागून एकदम मोठी लाट येते. याची भीती आजवर एकाही पॅसेंजरने मला विचारलेली नाही. एका काकांनी लगेच नवा इन्शुरन्स काढून द्या म्हणून सांगितलं, जणू घर पेटल्यावर आगीचा विमा मिळतो. उद्रेक सुरू झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत तो उद्रेक बहुतेक कंपन्या धरतच नाहीत. मी ब्लू लगून काढून रेक्याविकला लागून असलेलं तसंच दुसरं कुंड, स्काय लगून, टाकलं, तिकडच्या हँडलरशी बोलून कोचचा रूट बदलला, सगळ्यांना नवा प्लॅन पाठवला. साहेब केबिनमधून येऊन म्हणाले, "लाइव्ह ज्वालामुखी टूर, एक रील टाक पटकन." काही बोलले नाही मी.

आणि या सगळ्या गोंधळात दुपारी ते सर आले. फोन नाही, अपॉइंटमेंट नाही. साताऱ्याहून एसटीने. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, खांद्याला शबनम, पायात चपला. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, आइसलँडला भेग उघडलीय. मला पाठवा."

मी सवयीने ब्रोशर पुढे केलं. गलफॉसचा धबधबा, गेसिरचे गरम पाण्याचे फवारे, योकुलसार्लोनचं हिमनगांचं तळं. त्यांनी रेनिसफियाराच्या दगडी खांबांवर बोट ठेवलं. "हे असले खांब अंधेरीत आहेत, गिल्बर्ट हिल. बघायला गेलायत कधी?" नव्हते गेले. "मला धबधबे नकोत. आपला सगळा सह्याद्री, ही पायाखालची फरशी धरून, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच भेगांतून वाहिलेला लाव्हा आहे. मी पस्तीस वर्षं तो फळ्यावर काढून दाखवला. वाहताना कधीच बघितला नाही."

शबनममधून वही काढली. त्यात प्रत्येक उद्रेकाची तारीख, सुरू कधी, थांबला कधी. डिसेंबर २०२३ चा तीन-चार दिवसांत संपला. फेब्रुवारी २०२४ चा दीडेक दिवसात. मार्चचा मे महिन्यापर्यंत चालला. १ एप्रिल २०२५ चा तर दिवसभर पण टिकला नाही. म्हणाले, "सरासरीला अर्थ नाही, पण दोन-तीन आठवडे मिळू शकतात. तेवढ्यात पाठवा."

इथे माझा धंदा आडवा आला. शेंगेन व्हिसाला, म्हणजे आइसलँड धरून युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाला, नियमाने पंधरा दिवस, त्याच्याआधी बोटांचे ठसे द्यायला स्लॉट, जुलैत तो मिळणं म्हणजे नशीब. वर दिवसवार प्लॅन, हॉटेलची बुकिंगं, बँकेचं स्टेटमेंट, ३०,००० युरोचा इन्शुरन्स. म्हणजे ज्वालामुखी कधी फुटेल ते सांगता येत नाही पण तुम्ही बारा तारखेला रात्री कुठे झोपणार ते लेखी पाहिजे. उद्रेक झाल्यावर अर्ज करणाऱ्या भारतीय माणसासाठी ही व्यवस्था केलेलीच नाहीये. डेन्मार्कचा माणूस त्याच संध्याकाळी बॅग उचलून जातो.

तरी मी जोर लावला. कुणीतरी सोडलेला स्लॉट पकडला, फुकट कॅन्सल होणाऱ्या खोल्या घेतल्या, तारखा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातल्या टाकल्या. फाइल जमा झाल्यावर सर रोज सकाळी फोन करायचे, व्हिसाचं विचारायला नाही, लाव्हा आज कुठल्या बाजूला वळला ते सांगायला. ५ ऑगस्टला उद्रेक संपल्याचं जाहीर झालं. व्हिसा आला त्यानंतर.

दरम्यान आमचा ग्रुप ठणठणीत जाऊन आला. आणि फीडबॅक फॉर्मवर त्याच काकूंनी लिहिलं, "ज्वालामुखी जवळून दाखवला नाही." ऑफिसात सगळे हसले, मला तेवढं जमलं नाही.

सरांना म्हटलं, जाऊन तर या, नवा लाव्हा अजून वाफाळत असेल. ते म्हणाले, "थंड झालेला लाव्हा मी साताऱ्यात बघतो की." मग मी माझं हुकमी पान काढलं. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम बदललाय, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा मिळू शकतो. तो हातात असला की भेग उघडली त्या दिवशी तिकीट. पण आलेला व्हिसा नुसता पासपोर्टवर ठेवून भागत नाही, प्रवास व्हायला पाहिजे.

सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे हजेरी लावायला जायचं."

गेले. एकटे. मला पाठवलेल्या फोटोंत धबधबा एकही नाही, सगळे दगड, शेजारी मापाला पेन ठेवलेलं. एका फोटोत सुरळी केलेल्या दोरासारखा लाव्हा, त्याच्याखाली लिहिलं होतं, "अगदी आपल्या घाटासारखा."

दुसऱ्या व्हिसासाठी मी त्यांना इटलीतला स्ट्राँबोली ज्वालामुखी सुचवला, तो दोन हजार वर्षांहून जास्त काळ थोड्या थोड्या वेळाने उडतोच आहे, तारखेची भानगडच नाही. मला वाटलं सर खूश होतील. ते म्हणाले, तो डोंगराच्या तोंडातून उडतो, भेगेतून नाही, सह्याद्री तसा झाला नाही, पण ठीक आहे, हजेरी ती हजेरी. साहेबांचं म्हणणं, एका माणसामागे एवढा वेळ घालवायचा असेल तर सर्व्हिस चार्ज दुप्पट लाव. आमचा एक सिनियर त्यांना उघड उघड चक्रम म्हणतो, हा तोच जो दर दिवाळीत लोकांना तीच नऊ शहरं आठ दिवसांत पळवून आणतो.

मला अजून कळत नाही मी त्यांना आशा विकतेय का. दोन व्हिसे वापरले तरी तिसरा दोन वर्षांचाच देतील याची हमी नाही, तो पट्टा तोवर शांतही होऊ शकतो, आणि सरांचे गुडघे काही वाट बघणार नाहीत. हे सगळं त्यांना स्पष्ट सांगून झालंय. त्यावर त्यांनी आइसलँडच्याच लाकीच्या उद्रेकाचा विषय काढला, १७८३, आठ महिने चाललेली भेग, हवा आणि गवत विषारी होऊन दुष्काळ पडला आणि आइसलँडची पाचवा हिस्सा माणसं गेली. म्हणाले, "तसलं काही बघायला मिळावं असं मी म्हणणार नाही. लहानशी भेग पुरे."

इटलीची फाइल सध्या टेबलवर आहे. कव्हरिंग लेटरमध्ये प्रवासाचा हेतू मी 'पर्यटन' लिहिलाय, सरांनी पेन्सिलने गोल करून समोर प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलंय. मी ते खोडून तसंच जमा करणार आहे.