शाईची सही

त्या सकाळी मी निवांत होते. सगळ्यांच्या मार्चच्या पगाराची यादी बँकेला देऊन झाली होती. आरोग्य, पेन्शन आणि बेरोजगारी विम्याच्या वर्गण्या तर त्याच्याही आधी गेल्या होत्या. जर्मनीत त्या महिन्याच्या शेवटून तिसऱ्या बँक-दिवशी पोचाव्या लागतात, मग तुमचा महिना संपलेला असो वा नसो. ३१ तारखेला माझ्याकडे फक्त फायली लावायचं काम उरलं होतं.

फ्रँकफर्टच्या त्या ऑफिसात आम्ही चौदा जण. पगाराचं काम माझं, आणि एचआर म्हणून जे काही पडेल तेही माझंच. हेड ऑफिस दुसऱ्या खंडात. तिथल्या मंडळींचा माझ्यावर राग नव्हता, पण जर्मन कायदा म्हणजे माझीच काहीतरी खोड आहे असं त्यांना वाटायचं. जॉइनिंग फॉर्ममधला धर्माचा रकाना त्यांनी दोनदा काढून टाकला होता. भेदभावाची केस होईल म्हणे. इथे चर्चचा कर पगारातून कापावा लागतो, हेसेन राज्यात तो आयकराच्या ९ टक्के आणि शेजारच्या बायर्नमध्ये ८, हे मी दोन्ही वेळा लिहून कळवलं होतं.

सव्वानऊला हेड ऑफिसचं तिकीट आलं, म्हणजे सिस्टिमवर कामाची नोंद. कर्मचारी क्रमांक, खाली 'नोकरी समाप्त, शेवटचा दिवस १४ एप्रिल, फुल अँड फायनल करावे'. सोबत पीडीएफ. प्रोबेशनमधल्या एका मुलीला काढलं होतं. पत्र आदल्या संध्याकाळी मेलने गेलं होतं, वर हेड ऑफिसची डिजिटल सही, खाली तिचीही, 'मिळाले' म्हणून. त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं.

मी तिची जॉइनिंगची तारीख पाहिली. १ ऑक्टोबर. आणि पोटात गोळा आला.

जर्मन नागरी संहितेचं ६२३वं कलम एका वाक्याचं आहे. नोकरी संपवायची तर ती लेखी, आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूप चालणार नाही असं त्यात सरळ म्हटलंय. लेखी म्हणजे कागद आणि त्यावर हाताने केलेली सही. समोरच्याने मेलवर 'मिळाले' म्हटल्याने काही बदलत नाही. कामगार न्यायालयात जायची तीन आठवड्यांची मुदतसुद्धा लेखी पत्र हातात पडल्यावर सुरू होते. म्हणजे कायद्याच्या लेखी तिला कोणी काढलंच नव्हतं. आणि सहा महिने त्याच रात्री बारा वाजता पूर्ण होत होते. दहापेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत सहा महिने झाले की नोकरीला पूर्ण संरक्षण लागू होतं. मग काढायचं तर न्यायालयात टिकेल असं कारण दाखवावं लागतं. नुसतं 'जमत नाही' म्हणून भागत नाही.

वकीलबाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आज कागद तिच्या हातात पडला पाहिजे. पत्रपेटीत टाकू नका. टपाल यायची वेळ उलटून गेल्यावर टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं असं धरतात." मी विचारलं, मी सही केली तर? "करा की. पण सोबत तुमच्या मुखत्यारपत्राची मूळ प्रत हवी, नाहीतर ती पत्र लगेच परत करू शकते आणि ते रद्द होतं." मुखत्यारपत्रावरही शेवटी संचालकांचीच शाई लागणार होती. म्हणजे फिरून तिथेच. व्यापारी नोंदवहीत नाव असलेले, म्हणजे कंपनीच्या वतीने सही करू शकणारे आमचे संचालक हॅम्बुर्गहून म्युनिकला निघाले होते.

त्यांची गाडी वाटेत फुल्डा स्टेशनला दोन मिनिटं थांबते. मी तीन प्रती छापल्या, दोन पेनं घेतली (एक बंद पडलं तर!) आणि दुपारी फुल्डा गाठलं. प्लॅटफॉर्मवर उभं राहून सही घेण्याचा बेत होता. पण त्या दोन मिनिटांत त्यांचा डबा सापडायलाच दीड मिनिट गेलं, तेव्हा मीच आत चढले.

फुल्डा ते व्युर्झबुर्ग म्हणजे बोगद्यांमागून बोगदे. दर थोड्या वेळाने खिडकी काळी होत होती. साहेबांनी समोरचं टेबल उघडलं, कॉफीचा कप बाजूला सरकवला आणि रोजच्यासारखा एक फराटा ओढला. फराटा म्हणजे नावाचं पहिलं अक्षर आणि एक शेपूट.

"हे चालणार नाही," मी म्हटलं. "आद्याक्षरं म्हणजे सही नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय. पूर्ण आडनाव हवं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाडीत तिकीट नसलेली मीच आहे. मी दुसरी प्रत पुढे केली. या वेळी त्यांनी शाळकरी पोरासारखं सावकाश एकेक अक्षर काढलं. मग पत्राकडे पाहत विचारलं, "ही नक्की कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा. ती सायकलवाली." पुढे काही बोलले नाहीत.

पत्र मी वाचलं आणि माझ्या हातानेच पाकिटात घातलं. हाही वकीलबाईंचाच नियम. पोचवणाऱ्याने आत काय आहे ते पाहिलेलं नसेल, तर उद्या कोर्टात समोरचा म्हणू शकतो की पाकीट रिकामं होतं. व्युर्झबुर्गला उतरून परत फ्रँकफर्ट, तिथून लोकल धरून ओफेनबाख. तिच्या दारातल्या घंटीवर आडनाव होतं. मी दाबली. उत्तर नाही. साडेसहा वाजले होते.

माझं काम आकड्यांचं. एखाद्याचा करवर्ग बदलला की लग्न झालं असेल असं मी ओळखते. आरोग्य विम्याची कंपनी बदलली की कळतं. माणसं मला अशी रकान्यांतून माहीत असतात आणि ते मला बरंच पडतं. कोणाच्या दाराशी पाकीट घेऊन उभं राहायची वेळ आजवर आली नव्हती. समोरच्या इमारतीत कोणीतरी कुंड्यांना पाणी घालत होतं. मी घड्याळ बघत होते आणि खरं सांगायचं तर ती आज येऊच नये असंही एकदा मनात आलं.

सात वाजून दहा मिनिटांनी ती सायकल ढकलत आली. मला पाहून थबकली. मी पाकीट पुढे केलं.

"मेल आलाय की," ती म्हणाली.

"मेल चालत नाही."

"माहीत आहे मला." तिने सायकल भिंतीला टेकवली. "मैत्रिणीने सांगितलं. कागद नाही आला तर उद्यापासून तू पक्की, म्हणाली. बारा वाजेपर्यंत बाहेर राहायचं ठरवलं होतं मी. पण थंडी वाजायला लागली."

काय बोलावं मला सुचेना. तिने पाकीट घेतलं, उघडलं, दारावरच्या दिव्याखाली वाचलं. "सही कोणाची? एवढी सुवाच्य?" मी सांगितलं. ती जराशी हसली. मी पोचपावतीचा कागद काढलाच नाही. लोकलमध्ये बसून माझ्या वहीत वेळ, पत्ता आणि 'स्वहस्ते दिले' एवढं लिहिलं आणि खाली सही केली, पूर्ण आडनावासकट.

प्रोबेशनमध्ये नोटीस दोन आठवड्यांची, म्हणून १४ एप्रिलपर्यंत ती हँडओव्हरसाठी रोज ऑफिसात येत राहिली. इकडे माझी हेड ऑफिसशी वेगळीच लढाई चालू होती. त्यांच्या हिशेबात शिल्लक रजेपुढे शून्य होतं, प्रोबेशनमधली रजा बुडते असं त्यांचं धोरण. इथला रजेचा कायदा म्हणतो, प्रत्येक पूर्ण महिन्याला वार्षिक रजेचा बारावा हिस्सा. मागच्या वर्षीची तिने घेतली होती, या वर्षीचे जानेवारी ते मार्च असे तीन महिने उरले. करारात वर्षाला ३० दिवस, म्हणजे साडेसात. अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण दिवस धरायचा, म्हणून आठ. शेवटच्या तेरा आठवड्यांचा पगार, भागिले कामाचे ६५ दिवस. महिना ३,९०० युरो होता, तेव्हा दिवसाला १८० आणि एकूण १,४४० युरो. त्यांनी विचारलं, हे ऐच्छिक आहे का. मी कलमांची नावं लिहून पाठवली आणि खाली जोडलं की हेही माझ्याकडून आलेलं नाही. दोन दिवसांनी मंजुरी आली. एका शब्दाची.

१४ तारखेला तिने लॅपटॉप आणि किल्ली टेबलावर ठेवली. मी यादीचा कागद पुढे सरकवला. तिने पेनाचं टोपण काढलं.

"ही पण शाईचीच लागते?"

"नाही. ही मेलवरसुद्धा चालली असती."

तोवर तिची सही करून झाली होती.