दिवाळीचा बोनस नाताळापर्यंत पुरवताना

आमच्या घरची अडचण अशी की पैसे दिवाळीला येतात आणि सण डिसेंबरात असतो. नवरा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत आहे. तिथं बोनस दसरा-दिवाळीच्या तोंडावर मिळतो, सगळीकडे मिळतो तसाच. कायद्यात किमान ८.३३ टक्के असा आकडा आहे, म्हणून लोक एक पगार धरून चालतात. पण हिशेबाला पगाराची मर्यादा असते, त्यामुळे हातात त्याहून कमीच पडतं. बोनस आला की लगेच दिवाळी. आम्ही ख्रिस्ती असलो तरी खानापुरातल्या आमच्या गल्लीत आमची घरं दोनच. शेजारी फटाके वाजायला लागल्यावर आमची पोरं काही हात बांधून दारात उभी राहत नाहीत. मग तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, आहेर, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत बोनस फक्त पासबुकात छापलेला उरतो. जानेवारीत परत एलआयसीचा हप्ता उभा असतोच.

म्हणून २०२५ च्या नाताळाची तयारी मी त्याच वर्षीच्या जानेवारीपासून सुरू केली. सुरुवात पिग्मीने. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. हा पैसा सुटा येतो आणि सुटाच जातो. त्याला धरून ठेवायला पिग्मी बरी. एजंट दारात येतो, दहा-वीस-पन्नास जे असेल ते घेतो आणि कमरेच्या मशीनमधून पावती काढून देतो. ही पद्धत आपल्याच कर्नाटकातली. सिंडिकेट बँकेने १९२८ साली उडुपीकडे ती चालू केली, तेव्हा रोज दोन आणे भरले तरी चालत. मी रोज पन्नास ठरवले. एखाद्या दिवशी गिऱ्हाईक नसलं तर वीस, लग्नाचे ब्लाउज आले की शंभर.

पिग्मीचं कौतुक फार करण्यात अर्थ नाही. व्याज कमी, आणि आमच्याकडे मुदतीआधी मोडली तर कमिशन कापून घेतात. पोस्टात किंवा बँकेत आरडी केली तर जास्त मिळतं हे मलाही कळतं. पण आरडीला महिन्याच्या ठरल्या तारखेला एकरकमी पैसे लागतात आणि माझ्याकडे महिन्याच्या कुठल्याच तारखेला एकरकमी काही नसतं. एक मात्र लक्षात ठेवते. बँकेत, मग ती सहकारी असली तरी, ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी सोसायट्यांना तो नाही. आपल्या भागात सोसायट्या गल्लोगल्ली आहेत, ओळखीची माणसं असतात, विश्वास बसतो. मी तिथं एका वर्षापुरतेच ठेवते, पैसे निघाले की खातं परत शून्यावर. भिशीत पण मी आहे, पण भिशीचा नंबर चिठ्ठीवर. तो नोव्हेंबरात लागला तर देव पावला, नाहीतर मेमध्ये लागून पंखा-फ्रिजमध्ये जातो. नाताळाच्या हिशेबात मी तो धरत नाही. सासूबाईंच्या नावावरचे सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार पण धरत नाही. खात्यात पडले की मोजायचे.

बोनसाचं काय करायचं यावर नवऱ्याशी थोडी वादावादी झाली. त्याचं म्हणणं, आपलेच पैसे आपल्यापासून लपवायचे कशाला? माझं म्हणणं, म्हणूनच. शेवटी निम्मे दिवाळीला ठेवले आणि निम्म्याची बँकेत दीड महिन्याची मुदत ठेव केली. मुदत ठेव सात दिवसांपासून करता येते, हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं. व्याज चहापाण्यापुरतं. पण मेहुण्याने लग्नाच्या आहेराला सोन्याची अंगठी सुचवली तेव्हा "पैसे अडकलेत" हे खरं सांगता आलं.

दिवाळी आमच्या कामाची दुसऱ्या बाजूने पण आहे. भाऊबीज झाल्यावर दुकानांत उरलेले आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा खाली लोंबत असतात, दुकानदाराला त्या माळ्यावर टाकायचा कंटाळा. त्यात चांदणीच्या आकाराचे कंदील असतातच. तोच तारा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाताळचा म्हणून बाहेर येतो आणि भाव दुप्पट सांगतात. मी भाऊबिजेनंतर घेतला, निम्म्या किमतीत, आणि माळ दुकानातच पेटवून बघून घेतली. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यातले पुतळे जुनेच. एका मेंढराचा पाय आणि एका राजाचं डोकं निखळलं होतं, ते चिकटवून मुलीने रंग दिला. खानापूर कुंभारांचं गाव, मातीच्या वस्तू इथं भरपूर मिळतात, तरी नवीन सेट घ्यावासा वाटला नाही. राजाच्या मानेवर रेघ दिसते, पण तो मागे उभा असतो.

आता फराळाचं. खर्च कमी करायचा म्हटलं की सगळे पहिल्यांदा फराळावर येतात. सासूबाई पण म्हणाल्या, "यंदा थोडंच करूया, बेकरीतून पाकिटं आणूया." मी नाही म्हटलं. दिवाळीत आमच्याकडे सात-आठ घरांतून ताटं येतात, चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, रुमालाखाली झाकून. ती ताटं नाताळात भरून परत जायची असतात, त्यात काटकसर करायला मला जड जातं. आणि हिशेब मांडला तर फराळात पैसे जातात तरी किती? मैदा, साखर, तेल, रवा बेळगावच्या रविवार पेठेतून ठोक भावात आणलं तर सगळा फराळ एका साडीच्या किमतीत होतो. जातो तो वेळ.

कुलकुल घ्या. मैदा, थोडा रवा, तूप, नारळाचं दूध, पिठीसाखर. पीठ घट्ट मळून झाकून ठेवायचं, मग सुपारीएवढी गोळी काट्या-चमच्यातल्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. काटे चार आणि हात सहा, म्हणून आम्ही एक नवीन कंगवा पण धुऊन घेतो. गोळी कंगव्यावर अंगठ्याने पुढे सारत दाबली की पातळ होते, रेघा उमटतात, आणि टोकाकडून वळवली की शिंपला तयार. कड नीट चिकटली नाही तर तेलात उलगडतो. पोरांनी केलेले अर्धे उलगडतातच, ते घरात खायला. एक किलो मैद्याचे कुलकुल करायला तिघांना पूर्ण संध्याकाळ लागते आणि टीव्ही आपोआप बंद राहतो.

काटकसर केली ती दोदोलात, म्हणजे नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेल्या मिठाईत. २०२५ मध्ये नारळ इतका भडकला की दोदोलाला लागणारे नारळ मोजल्यावर मी वहीतली ओळच खोडली. तसंही आमच्याकडे माडाचा गूळ मिळत नाही, उसाच्या गुळाला तो काळा रंग चढत नाही. नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, सुकं खोबरं, कुलकुलना एका नारळाचं दूध, बास.

काजू मात्र पोटभर. चंदगडकडे नवऱ्याची मावशी राहते, तिथं काजूचे कारखाने आहेत. अख्खा काजू कोण घेतो? केकमध्ये तो चिरायचाच असतो. पाकळी घेतली तर स्वस्त, तुकडा घेतला तर आणखी स्वस्त, चव तीच. उन्हाळ्यात मावशीकडे गेलो होतो तेव्हाच तुकडा आणून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला. मनुका ऑक्टोबरातच संत्र्याच्या रसात आणि थोड्या द्राक्षाच्या वाइनमध्ये भिजवल्या. गोव्याहून रमची बाटली आणली तर निम्म्यात पडते असा सल्ला दरवर्षी कोणीतरी देतोच. परवान्याशिवाय ती चोर्ला घाटातून इकडे आणणं गुन्हा आहे, आणि नाक्यावर सापडलं तर केक फार महागात जाईल. टिन ओळखीच्या बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजून घेतो. माझ्या चुलतबहिणीने वर्षातून एकदा लागणाऱ्या केकसाठी ओव्हन घेतला, त्यावर आता धुतलेले डबे वाळत असतात.

ज्यांना घरी करायला जमत नाही त्यांनी बिल बघून घ्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक-बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, लोणी-तुपावरचा १२ वरून ५. कपड्यांना पण त्याच दिवसापासून नवा हिशेब लागला. एक नग अडीच हजारांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८. मुलाला हवं असलेलं जॅकेट नेमकं त्या रेषेच्या थोडं वर होतं. त्याला रेषा समजावली, त्याने तोंड फुगवलं, आणि खडे बाजारातून तसंच दिसणारं दुसरं घेतलं. मुलीचा फ्रॉक मी शिवला. कपड्यांची खरेदी दसऱ्यानंतर, पण अधिवेशनाच्या आधी. डिसेंबरात बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा रस्ते कुठं बंद आणि बस कुठून वळेल याचा नेम नसतो.

सगळ्यात मोठी रक्कम होती ती देण्याघेण्यात. माझी नणंद बेळगावात कॅम्पात राहते. दरवर्षी त्या मला साडी देतात, मी त्यांना साडी देते, नवऱ्याला शर्ट, त्यांच्या मिस्टरांना शर्ट. मी ऑक्टोबरात फोन केला. डिसेंबरात असं बोललं तर भांडण वाटतं.

"काय करायलीस गं?" त्यांनी विचारलं.

"ब्लाउज शिवायलेय. ताई, यंदा मोठ्यांनी एकमेकांना कपडे नको घ्यायला. पोरांचं तेवढं बघूया."

थोडा वेळ काहीच नाही. मग, "का? काय झालंय काय?"

"झालं काही नाही. तुमची मागची साडी अजून घडी मोडली नाही. माझी तुम्ही मोडलीय काय?"

"आईंना काय वाटेल?"

"आईंना आपण दोघी मिळून एकच चांगला स्वेटर घेऊया की."

"बघूया की," म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मला वाटलं, झालं. नवरा पण म्हणाला, उगीच काढलास विषय. पण आठवडाभराने त्यांचाच फोन. "पोरांना कितीपर्यंत घ्यायचं ते आधी सांग. नाहीतर तू हजाराचं आणशील, मी पाचशेचं, आणि लोकांसमोर माझी पंचाईत." सहाशे ठरले. हा आकडा मला सुचला नसता, आणि तो ठरला म्हणूनच पुढचं सोपं गेलं. त्या एका फोनने जेवढे वाचले तेवढे बाकीच्या सगळ्या उपद्व्यापांत मिळून वाचले नसतील.

बारीकसारीक खर्चाला यूपीआय लाइटचा उपयोग झाला. त्यात एका वेळी जास्तीत जास्त पाच हजार ठेवता येतात आणि हजारापर्यंतचं पेमेंट पिनशिवाय जातं. डिसेंबर लागल्यावर पाच हजार भरले, आपोआप भरण्याची सोय बंद ठेवली, आणि बाजारातलं सगळं त्यातूनच. संपले की संपले. फक्त पासबुकात एकच भरणा दिसतो, आतले खर्च दिसत नाहीत, म्हणून वही ठेवावी लागते. पिन लागत नाही हे पण दुधारी आहे. ज्याचा हात सैल त्याने या वाटेला जाऊ नये. कॅरल म्हणत येणाऱ्या पोरांच्या डब्यासाठी आणि चर्चच्या वर्गणीसाठी दहा-वीसच्या नोटा वेगळ्या काढून ठेवल्या.

बसचं एक सांगते. शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये आम्हा बायकांना तिकीट नाही. खानापूर-बेळगाव फुकट. पण तिकीट नाही म्हणून माणूस उठसूट जातं, आणि गेलं की पिशवी रिकामी परत येत नाही. गणपत गल्लीत एकदा नुसती फिरले तरी तीनशे गेलेले असतात. मी यादी पूर्ण झाल्याशिवाय बसमध्ये चढायचं नाही असं ठरवलं होतं. ते बऱ्यापैकी पाळलं.

चोवीसच्या रात्री मिस्साला गेलो, पंचवीसला जेवण घरीच. मटण दोन किलोऐवजी एक आणि बाकी चिकनचं शागुती. कोणी काही म्हणालं नाही. नणंद आल्या, पोरांना ठरल्याप्रमाणे दिलं, आणि पिशवीतून माझ्यासाठी साडी काढली. "सेलमध्ये होती गं, टाकवली नाही." मी घेतली. उलट काही दिलं नाही, केक तेवढा जास्त बांधून दिला.

एकतीसला ओल्डमॅन, म्हणजे सरतं वर्ष म्हणून जाळायचा पुतळा. कॅम्पात तयार पुतळे विकायला असतात, पोरांना तोच हवा असतो. नवऱ्याची फौंड्रीतली फाटकी पँट, माझ्या चिंध्या आणि शेजारच्या गोठ्यातला पेंढा यांवर भागवलं. वर्गणी म्हणून पोरांनी गल्लीत गोळा केलेले पैसे फटाक्यांना गेले, त्यात मी पडले नाही.

एलआयसीचा हप्ता पिग्मीतून उरलेल्यातून भरला, सोनाराच्या दारात जावं लागलं नाही. यंदा रोजचे पन्नासाचे साठ केलेत, मुलगी दहावीला जाईल म्हणून. साडीचं मात्र नणंदेशी परत बोलायचं आहे.