काउलच्या आतली हवा

गेल्या डिसेंबरात सलग तीन रविवार माझ्या विमानाचे इंजिन हवेत बंद पडले, आणि तिन्ही वेळा ते एकाच टप्प्यावर बंद पडले. पूर्ण थ्रॉटलवर धावपट्टीच्या अंगाने जमिनीलगतची एक लांब फेरी मारायची, शेवटी नाक वर घेऊन विमान उभे चढवायचे, आणि चढ अर्ध्यावर येतो न येतो तोच इंजिनाचा भरदार आवाज चिरका होत होत एकाएकी नाहीसा व्हायचा. पंखांचा पसारा २.२ मीटर आणि वजन साडेसात किलो असलेले रेडिओ-नियंत्रित विमान इंजिनाविना उतरवता येते, पण त्यासाठी उंची आणि वेग यांपैकी एक तरी हाताशी असावे लागते. तिसऱ्या रविवारी दोन्ही नव्हते, आणि विमान पुण्याबाहेरच्या आमच्या माळाला लागून असलेल्या हरभऱ्याच्या शेतात उतरले. चाकाचा पाय वाकला, प्रॉपेलरचे एक टोक तुटले आणि शेतमालकाची समजूत घालण्यात अर्धा तास गेला.

इंजिन ५५ सीसीचे, एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे. जमिनीवर ते पहिल्यापासून शहाण्यासारखे चालत होते. त्यामुळे हवेत पेट्रोल कमी पडत असावे, एवढाच निष्कर्ष काढून मी प्रत्येक वेळी कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, एच सुई (पूर्ण थ्रॉटलचे पेट्रोल ठरवणारा स्क्रू) अष्टमांश फेरा उघडत गेलो. तिसऱ्या रविवारपर्यंत परिस्थिती अशी झाली की जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला इंजिन अडखळू लागले, मफलरमधून धूर येऊ लागला, प्लग काढून पाहिला तर काजळीने काळा झालेला. आणि तरीही वर गेल्यावर तेच इंजिन पेट्रोलवाचून मेल्यासारखे मरत होते. आमच्या माळावर येणारे एक ज्येष्ठ स्नेही, ज्यांनी उभे आयुष्य दुचाकींच्या गॅरेजात काढले आणि ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी तो प्लग हातात घेऊन मला विचारले, “अहो, खाली पेट्रोल जास्त आणि वर कमी. मग वर गेल्यावर बदलतं काय, तेवढं सांगा.” मी त्या वेळी काही उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे ते नव्हते.

हा प्रश्न समजण्यासाठी या इंजिनांचा कार्ब्युरेटर कसा चालतो ते थोडे सांगावे लागेल. जुन्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तीत तरंगणारा फ्लोट असतो. असे यंत्र विमानात उलटे केले तर पेट्रोल कुठे जाईल हे सांगायला नको. म्हणून मोठ्या पेट्रोल इंजिनांवर वॉलब्रो पद्धतीचा, म्हणजे लाकूड कापण्याच्या साखळी-करवतीवर असतो तसा, पडद्यांचा कार्ब्युरेटर बसवतात. त्यात दोन पडदे असतात. एक पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउताराने हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचे काम करतो. दुसरा पडदा मोजमापाचा. त्याच्या एका बाजूला पेट्रोलचा छोटा कप्पा आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते. इंजिनाने कप्प्यातले पेट्रोल शोषले की बाहेरच्या हवेचा दाब पडद्याला आत ढकलतो, पडदा एका इवल्याशा तरफेला दाबतो, तरफ झडप उघडते आणि नवे पेट्रोल आत येते. बाहेरची हवा या पडद्यापर्यंत पोहोचावी म्हणून वरच्या पत्र्याच्या झाकणाला टाचणीच्या डोक्याएवढे एक छिद्र असते. माझ्या तीन रविवारांची गोष्ट त्या छिद्रापाशी येऊन थांबते, पण मला तिथे पोहोचायला वेळ लागला.

उभ्या चढात इंजिन बंद पडते म्हटल्यावर पहिला संशय टाकीवर जातो. टाकीतल्या लवचीक नळीच्या टोकाला एक वजनदार गाळणी असते, विमान जिकडे झुकेल तिकडे ती पेट्रोलबरोबर झुकते. नळी कडक झाली की ती झुकत नाही आणि हवा ओढू लागते. माझी नळी खरोखरच कडक झाली होती. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि साध्या नळ्या व पडदे त्यात लवकर ताठर होतात हा अनुभव आमच्यापैकी अनेकांना आलेला आहे. मी नळी बदलली, टाकीची हवा घेणारी नळी फुंकून पाहिली, कार्ब्युरेटरच्या आतली बारीक जाळी साफ केली, कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधले गॅस्केट बदलून चारही बोल्ट पुन्हा आवळले. ही कामे सुईला हात लावण्याआधी करायची असतात हे मला ठाऊक होते, आणि तरी मी ती शेवटी केली. गॅस्केटमधून हवा शिरत असेल तर सुई कितीही फिरवली तरी सेटिंग टिकत नाही, आज जमलेले उद्या बिघडते. त्यानंतर आम्ही दोघांनी विमान धरून नाक आकाशाकडे केले आणि पूर्ण थ्रॉटलवर १५ सेकंद इंजिन चालवले. आवाजात तसूभरही फरक पडला नाही. म्हणजे दोष उभे होण्यात नव्हता.

सगळ्या सुया मूळ जागी आणून मी ट्यूनिंग पुन्हा पहिल्यापासून केले. त्याचा क्रम इथे सविस्तर लिहितो, कारण नव्या माणसाची चूक बहुधा यातच होते. दोन्ही सुया हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड-दीड फेरा उघडायच्या. इंजिनाच्या जवळची ती एल, म्हणजे कमी थ्रॉटलची, हवेच्या तोंडाकडची ती एच, म्हणजे पूर्ण थ्रॉटलची. बाहेर काढली की पेट्रोल वाढते, म्हणजे मिश्रण रिच होते. आत घेतली की पेट्रोल घटते, म्हणजे ते लीन होते. इंजिन पूर्ण तापू द्यायचे, थंड इंजिनावर लावलेली सुई खोटे बोलते. मग सुरुवात एलपासून करायची. पुष्कळजण आधी पूर्ण थ्रॉटलचे आकडे जमवण्याच्या मागे लागतात, पण एलच्या वाटेने येणारे पेट्रोल पूर्ण थ्रॉटललाही येतच असते. त्यामुळे एल नंतर हलवली की आधी लावलेली एच आपोआप चुकते. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल बंद ठेवून सर्वांत कमी फेऱ्यांवर, इंजिन अर्धा मिनिट ठेवावे. आवाज हळूहळू जड होत खाली बसू लागला तर एल रिच आहे. थ्रॉटल बंद केल्यावरही फेरे वर लटकून राहिले आणि सावकाश उतरले, तर ती लीन आहे. मग थ्रॉटल झटक्यात उघडावा : गुरगुरत, धूर टाकत उशिरा चढले तर पेट्रोल जास्त, खोकल्यासारखे एकदा करून जागीच बंद पडले तर कमी. माझे आयडल मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास स्थिर राहते, त्याहून खाली नेण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे.

त्यानंतर एच. फेरे मोजणारा टॅकोमीटर लावून पूर्ण थ्रॉटलवर सुई थोडी थोडी आत घेत जास्तीत जास्त फेरे शोधायचे आणि तिथून सुई पुन्हा उघडून १५० ते २०० फेरे मुद्दाम गमवायचे. २२ बाय ८ च्या लाकडी प्रॉपेलरवर माझे इंजिन जमिनीवर मिनिटाला ६,९०० फेऱ्यांना टोक गाठते, मी ते ६,७०० वर ठेवतो. हवेत विमान पुढे धावू लागले की प्रॉपेलरवरचा भार हलका होतो, फेरे वाढतात आणि पेट्रोलही जास्त लागते. ते जास्तीचे पेट्रोल जमिनीवरच बाजूला काढून ठेवावे लागते. जमिनीवर सर्वांत गोड वाजणारे इंजिन हवेत लीन असते, आणि टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येत असल्याने लीन इंजिन तापते आणि कोरडेही पडते. शेवटी मधल्या थ्रॉटलवर काही वेळ ऐकावे. तिथे इंजिन एक ठोका सोडून एक पेटल्यासारखे फडफडत असेल तर एल अजून थोडी आत घ्यावी लागते, आणि मग पुन्हा एच तपासावी लागते.

चालू इंजिनावर स्क्रू ड्रायव्हर चालवणाऱ्यांशी माझे जमत नाही. २२ इंची प्रॉपेलर ६,७०० फेऱ्यांवर फिरताना त्याचे टोक सेकंदाला सुमारे १९६ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वेगाने जात असते. मी शेपूट खुंटीला बांधतो, प्रत्येक बदलासाठी इंजिन बंद करतो आणि प्रॉपेलरच्या मागच्या बाजूनेच हात घालतो. ट्यूनिंगला वीस मिनिटांऐवजी पाऊण तास लागतो, एवढेच.

तर, इतके सगळे नीट लावून चौथ्या रविवारी विमान उडवले, आणि त्या लांब फेरीनंतर आवाज पुन्हा चिरका झाला. या वेळी मी लगेच थ्रॉटल अर्ध्यावर आणला, तसे इंजिन सावरले. उतरल्यावर काकांचा प्रश्न पुन्हा समोर आला. वर गेल्यावर बदलतो तो फक्त वेग, आणि वेगाबरोबर बदलते ती काउलच्या, म्हणजे इंजिनाभोवतीच्या आवरणाच्या, आतली हवा. आम्ही काउलचे चार स्क्रू काढले आणि उघड्या इंजिनानेच विमान उडवले. तीच फेरी, तोच चढ. इंजिनाने हूं की चूं केले नाही.

कारण कागदावर मांडल्यावर अगदी सोपे निघाले. माझ्या विमानात इंजिन उलटे बसवलेले आहे आणि कार्ब्युरेटर त्याच्या मागे, काउल आणि फायरवॉल (इंजिन ज्यावर बसवतात ती धडाची पुढची भिंत) यांच्या मधल्या अरुंद जागेत आहे. समोरून शिरलेली हवा सिलिंडरच्या पात्यांमधून जाऊन नेमकी कार्ब्युरेटरच्या झाकणाला घासत खालच्या फटीतून बाहेर पडते. वेगाने घासत जाणारी हवा त्या छिद्रापाशी दाब कमी करते. मोजमापाच्या पडद्याला आत ढकलणारा दाबच घटला की झडप कमी उघडते, आणि पूर्ण थ्रॉटलवर, सर्वाधिक वेगात, म्हणजे पेट्रोलची गरज सर्वांत जास्त असतानाच ते कमी मिळते. काउलची रचना वेगळी असती, हवा थेट छिद्रावर आदळत असती, तर दाब वाढून इंजिन उलट रिच झाले असते; तसे झालेली विमानेही मी पाहिली आहेत. जमिनीवर उभ्या विमानात यातले काहीच घडत नसल्यामुळे टॅकोमीटर बिचारा खरेच सांगत होता.

उपाय जुना आणि माहितीतला आहे. झाकण काढून त्याच्या छिद्रावर पितळेची बारीक नळी सरळ डाखून घेतली. डाख देताना आतला पडदा आणि गॅस्केट बाजूला काढून ठेवावे आणि छिद्र डाखाने बुजणार नाही याची खात्री करावी. त्या नळीला पेट्रोलची लवचीक नळी जोडून फायरवॉलमधून धडाच्या आत नेली, जिथे हवा बऱ्यापैकी स्थिर असते. पुन्हा काउल चढवून उडवले तेव्हा एच सव्वा फेऱ्यावर आली, तिसऱ्या रविवारी ती पावणेदोनच्या पुढे गेली होती.

आता एक-दोन गोष्टी हवामानाविषयी, कारण हे सेटिंग डिसेंबरच्या सकाळचे आहे. सकाळी १२ अंशांवर हवा घट्ट असते, एप्रिलच्या दुपारी ४० अंशांवर ती साधारण ९ टक्क्यांनी विरळ होते. थंडीत लावलेली सुई उन्हाळ्यात थोडी रिच होते, त्याने फारसे बिघडत नाही. उन्हाळ्यात लावलेली सुई मात्र थंडीत लीन होते आणि इंजिन खाते. हाच नियम घाट उतरतानाही लागू पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे जुळवलेले इंजिन अलिबागच्या किनाऱ्यावर नेले तर पाच-सहा टक्के जास्त हवा घेते, आणि एच जराशी उघडावी लागते. तेलाचेही असेच आहे, पण लोकांना ते उलटे वाटते : नवे इंजिन रुळवण्याच्या काळात मी लिटरला ३३ मिली तेल घालत होतो, आता २५ घालतो. तेल वाढवले म्हणजे त्याच सुईतून जाणारे पेट्रोल तेवढे कमी झाले, म्हणून मिश्रण रिच न होता लीन होते. इथेनॉलमुळेही सुई थोडी जास्त उघडी लागते, कारण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपासच पुरतात. पावसाळ्यात हे पेट्रोल ओलावा धरते, म्हणून मी महिन्याहून जुना डबा विमानात भरत नाही, मोटारसायकलच्या टाकीत ओततो.

धडात सोडलेल्या त्या नळीच्या टोकाला मी स्पंजचा एक सैल तुकडा लावला आहे. विमान पावसाळाभर खोलीत टांगलेले असते, आणि आमच्याकडे कुंभारमाशीला चिखलाने बुजवण्यासाठी नेमक्या एवढ्याच जाडीचे भोक आवडते.