बीटलचं इंजिन घेऊन तीन मशीन शॉप फिरलो, त्याचा वृत्तांत (दुसऱ्या दुकानाबद्दल जरा जास्तच लिहिलंय)

आधीच सांगतो, दमून लिहितोय. काल रात्री उशिरा क्रँककेस (इंजिनाचं बाहेरचं धातूचं कवच, पुढे नुसतं केस म्हणतो) घेऊन घरी पोचलो, मागची सीट अजून ग्रीसने माखलेली आहे, त्यामुळे कुठे तिखट लागलं तर सोडून द्या. जुनं एअर-कूल्ड इंजिन उघडून टेबलावर मांडून बसलाय आणि आता हे कोणाकडे न्यायचं हा प्रश्न पडलाय, अशांसाठी हे आहे. इंजिन उतरवायचं कसं, मायक्रोमीटर वाचायचा कसा हे इथे सांगत बसणार नाही, येत नसेल तर आधी ते शिका.

इंजिन फोक्सवॅगन बीटलचं, ज्याला सगळे १६०० म्हणतात ते, खरं माप १५८४ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.५ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६९ मिमी. गरम झालं की आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकायचा आणि पुली धरून ढकलली-ओढली की क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) टक टक करत पुढेमागे व्हायची. ही पुढेमागे हालचाल, म्हणजे एंड प्ले, ०.०७ ते ०.१३ मिमी पाहिजे, माझा ०.४ च्या वर गेला होता. उघडल्यावर दिसलं की मधल्या, म्हणजे दोन नंबरच्या बेअरिंगची बैठक मार खाऊन अंडाकृती झालीय. केस मॅग्नेशियमची, आत स्टीलची क्रँक, ती वर्षानुवर्षं ठोकत राहते, या इंजिनाचं हे जुनंच दुखणं. इलाज म्हणजे लाइन बोअरिंग, बैठका एका रेषेत पुन्हा कापायच्या आणि बाहेरून ०.५ मिमी मोठे बेअरिंग घालायचे. हे करून देणारा माणूस शोधायचा एवढंच काम होतं. मित्र म्हणाला, अरे कोणताही मशीनिस्ट करेल, दोन तासांचं काम आहे. त्या मित्राशी सध्या बोलत नाहीये.

पहिलं दुकान. चकाचक, सगळी मशीन नवी. काउंटरवरच्या माणसाने दोन अर्धे उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "ब्लॉक कुठाय?" म्हणलं हाच. त्याला सिलिंडर वेगळे निघतात, केस मधोमध उभी उघडते हेच माहीत नव्हतं. निदान बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आम्ही असलं केलेलं नाही. निकाल: नको, पण माणूस चांगला. दहा मिनिटांत बाहेर.

दुसरं दुकान. आता इथे बसा जरा.

आत शिरल्यावर भिंतीवर जुन्या क्रँका, कोपऱ्यात बीटलची तीन-चार हेडं (सिलिंडरची झाकणं), मालक बोलायला एकदम गोड, "साहेब, ही इंजिनं आम्ही डोळे मिटून करतो." मला तेव्हाच कळायला हवं होतं की डोळे मिटून करतात ते खरंच आहे. आठ दिवस सांगितले, सात आठवडे लागले. फोन केला की मशीन बंद, ऑपरेटर गावाला, बोरिंग बार धार लावायला गेलाय. शेवटी एकदाचं काम झालं म्हणून गेलो तर बिल ठरलेल्या रकमेच्या दुप्पट. का? तर लाइन बोअरिंग, केसचा हॉट वॉश, क्रँक ग्राइंडिंग, हेडं साफ करणं आणि शिवाय "जादा काम" अशी एक ओळ, ज्यात काय जादा ते कोणालाच सांगता येईना. सात आठवड्यांनी माणूस इतका कंटाळलेला असतो की पैसे टाकून मोकळा होतो, मीही झालो. ही पहिली चूक. बिल हातात घेऊन तिथेच, त्यांच्याच टेबलावर माप घ्यायचं. लाज वाटते, गर्दी असते, मालक चहा मागवतो, तरी घ्यायचं.

घरी येऊन केस उघडली. देताना मी दोन नंबरच्या बैठकीत निळ्या पेंट मार्करने छोटासा "२" काढून ठेवला होता, का तर उगाच, सवय म्हणून. तो "२" तिथेच होता. जसाच्या तसा, खालचं शेपूट जरा ओघळलं होतं तेसुद्धा. म्हणजे ०.५ मिमी मटेरियल निघालं म्हणे आणि मार्करचा रंग निघाला नाही! हॉट वॉशही झाला म्हणे! तरी खात्री म्हणून केस रिकामीच टॉर्कने आवळली, मोठे नट ३.५ मीटर-किलो, आणि डायल बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) घातला. कोरं माप ६५.०० च्या आसपास असतं, कापली असती तर ६५.५० यायला पाहिजे होतं. आलं ६५.०० एका दिशेला, ६५.०८ दुसऱ्या दिशेला. तोच जुना अंडाकृती खड्डा.

केस धुतली नाही पण हेडं मात्र धुतली, आणि तीच नेमकी धुवायची नव्हती, निदान त्या टाकीत तरी. कास्टिक सोड्याची गरम टाकी लोखंडी ब्लॉकसाठी असते, ॲल्युमिनियमला कास्टिक खातं. हेडं काळपट, खरखरीत होऊन आली, स्पार्क प्लगचे आटे झिजून सैल, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या एका सीटभोवती नखाने जाणवेल एवढी चर. भंगार. आणि क्रँक? मेन जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) ०.२५ ने ग्राइंड केलेले, न विचारता, आणि कडेची गोलाई काढून सरळ काटकोन करून ठेवलेला. ती गोलाई शोभेसाठी नसते, तिथे कोपरा राहिला की क्रँकला तडा तिथूनच जातो.

परत गेलो. मालक म्हणाला, मार्कर चांगल्या क्वालिटीचा असेल. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. पैसे परत मिळाले नाहीत, दोन तास भांडून "जादा काम" तेवढं वजा झालं. निकाल: जाऊ नका, कोणी फुकट देतो म्हणालं तरी नको.

यातून जे काढलं ते सांगतो, रागात सांगतोय पण खरं आहे. दुकानात गेल्यावर भिंतीवर काय टांगलंय ते बघू नका. विचारा, मॅग्नेशियमचा कीस कुठे ठेवता? ज्याने हे काम खरंच केलंय तो लगेच सांगेल की कोरडा, झाकणाच्या डब्यात, पाण्यापासून लांब, कारण तो पेटला तर पाणी मारून विझत नाही, उलट भडकतो. "ते ॲल्युमिनियमच असतं हो" म्हणाला की केस उचला आणि चालू लागा. दुसरं, बेअरिंग हातात येण्याआधी जो कापायला तयार होतो तो आपला माणूस नाही. या बेअरिंगला तीन मापं असतात, क्रँकचं, केसचं आणि थ्रस्टच्या (पुढेमागे ढकल अडवणाऱ्या कडेच्या) रुंदीचं, आणि बाजारात पाहिजे ते कॉम्बिनेशन मिळेलच असं नाही, आधी सेट मिळवा मग त्यावर कापा. तिसरं, केसचे दोन अर्धे जोडीनेच कापलेले असतात, त्यावरच्या जुळणाऱ्या नंबरांचे फोटो काढून ठेवा, अदलाबदल झाली तर केस गेलीच समजा. आणि मार्करने खुणा करा. सगळीकडे करा.

तिसरं दुकान. पहाटे निघून दुपारी पोचलो, रस्ता छान होता, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. छोटी शेड, पाटी नाही, साठीच्या पुढचे एक काका. माझं रामायण ऐकायच्या आधीच त्यांनी बैठकीत अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही मधली बसलीय. बेअरिंग आणलंस?" नव्हतं आणलं. "मग कशाला आलास?" आणि परत पाठवलं! एवढं लांब जाऊन हात हलवत परत. येताना गाडीत शिव्या घालत आलो आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की आजवर भेटलेला हा पहिलाच माणूस बरोबर प्रश्न विचारणारा. आता तुम्ही माझ्यासारखी फेरी मारू नका, फोनवरच विचारून घ्या काय काय आणू.

पुढच्या खेपेला बेअरिंग सेट, फ्लायव्हील, कनेक्टिंग रॉड, सगळं नेलं. काकांनी क्रँकला चुंबकीय पावडरची टेस्ट करून तडा नाही ते दाखवलं, मेन जर्नल ०.५० वर नेऊन गोलाई परत काढायचं ठरवलं (बेअरिंगचा सेट त्यासाठी बदलून आणावा लागला, त्याचा दोष काकांचा नाही, माझा). रॉडचं वजन केलं, चारांत १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको, एक होता १४ ने जड, तो घासला. प्रत्येक माप आधीचं आणि नंतरचं, पेन्सिलने वहीच्या पानावर, ते पान मला दिलं. बारा दिवस म्हणाले, अकराव्या दिवशी फोन. बिल सांगितलं तेवढंच.

हेडं मात्र नवीन घ्यावी लागली, काकांनी बघून नुसती मान हलवली.

काल घ्यायला गेलो तेव्हा या वेळी लाज सोडून तिथेच गेज काढला, काका हसले आणि स्वतःच टॉर्क रेंच पुढे केला. ६५.५०, दोन्ही दिशांनी. मग क्रँक टाकून, बेअरिंगला तेल लावून केस आवळली, आणि एका बोटाने फिरवली तर अशी फिरली की मी उगाच चार-पाच वेळा फिरवून बघितली. परत आणताना दोन्ही अर्धे नट लावून एकत्रच आणा, सुटे ठेवले तर जुळणीचा पृष्ठभाग एकमेकांवर आपटतो, आणि खाली जाड घोंगडी घाला.

घरी आल्यावर रात्रीच उघडून बघितली, झोपायच्या आधी. दोन नंबरची बैठक आरशासारखी. "२" गेला होता.