दारावर बोर्ड नाही

शुक्रवार, रात्री साडेअकरा

मंगळवारी आलेला मेसेज अजून पुसवत नाही. ‘आपला अर्ज बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार मंजूर करता आलेला नाही.’ खाली धन्यवाद. संपलं.

मी क्रेडिट कार्ड मागायला गेले नव्हते, हे आधी लिहून ठेवते. दिवाळीपासून त्यांचेच मेसेज येत होते, तुमच्यासाठी कार्ड मंजूर आहे, फक्त ‘होय’ म्हणा. धाकटीच्या परीक्षेची फी त्या परदेशी साइटवर भरायची वेळ आली तेव्हा वाटलं, असू दे एक स्वतःच्या नावावर. म्हटलं होय.

सिबिल, म्हणजे कर्ज नीट फेडतो का ते सांगणारा आकडा, अर्ज केला तेव्हा ८११ होता माझा. ३०० पासून ९०० पर्यंतची पट्टी असते, तिच्यावर ८११. घराचं कर्ज २००९ ला घेतलं, २०२१ ला फिटलं. दोघांच्या नावावर होतं, पण हप्ता माझ्या खात्यातून जायचा. एकदाही परत गेला नाही. ह्यांचा पगार चार महिने अडकला होता त्या वर्षीही नाही. तेव्हा हप्ता कुठून गेला ते आक्काला माहीत आहे आणि मला.

ह्यांचा ७४२. बिलं दोनदा उशिरा भरली म्हणून. ह्यांच्याकडे दोन कार्डं आहेत.

“माझ्याच कार्डावर अ‍ॅड-ऑन, जोडकार्ड घे ना,” म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले. मी भाजी चिरत राहिले.

पडताळणीला मुलगा आला होता ती दुपार सारखी डोळ्यांपुढे येते. धाकटीएवढाच असेल. डायनिंग टेबलावर लोकांच्या जीएसटीच्या फायली पसरलेल्या, मी गाऊनवर ओढणी घेतलेली, आत कुकरच्या शिट्ट्या. “मॅडम, ऑफिस कुठे?” म्हटलं, हेच. “बाहेर बोर्ड नाही?” नाही. त्याने दाराचा फोटो काढला. दारावर ह्यांच्या नावाची पाटी आहे, पितळेची, घर घेतलं तेव्हाची. फोनमध्ये काहीतरी टिपलं, पाणी नको म्हणाला आणि गेला.

आता दार उघडताना, लावताना नजर तिथेच जाते. बोर्ड नाही म्हणून असेल? की पगाराची स्लिप नाही म्हणून? तीन वर्षांचे रिटर्न दिले होते, एकही उशिरा भरलेला नाही. की सध्या अंगावर कुठलंच कर्ज नाही, म्हणून माझ्याबद्दल ताजं काही दिसलं नाही त्यांना? दुकानदारांच्या कर्जाच्या फायली मीच करून देते, त्यामुळे ही सगळी कारणं मला पाठ आहेत. कुणाचा चेक परत गेलेला असतो, कुणी मेव्हण्याला जामीन राहिलेला असतो. स्टेशनजवळच्या त्या गिऱ्हाइकाचा तर पिनकोडच चालत नव्हता, एजंटने मला तोंडावर सांगितलं होतं. कुणाची फाईल का अडली ते मी पानं चाळता चाळता सांगते. माझी का अडली ते मला सांगता येत नाही.

रात्री दोनला उठून सिबिलचा रिपोर्ट उघडला. नाव, पॅन, पत्ता, फिटलेलं कर्ज, सगळं बरोबर. फक्त चौकशीच्या रकान्यात ह्या बँकेचं नाव नव्याने आलंय आणि आकडा ८०५ झालाय. नकार त्यात लिहीत नाहीत. बँकेने विचारणा केली होती, एवढं मात्र राहतं.

काल भांडी लावताना लालबागचा वाणी आठवला. कित्येक वर्षांत आठवला नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. पहिले दोन-तीन महिने त्याने वहीवर माल दिला. मग एकदा मी पिशवी आणि वही घेऊन गेले, तर त्याने वही उघडलीच नाही. तिच्यावर हात ठेवून म्हणाला, “आईला सांग, गिरणी सुरू झाली की देतो.” मी रस्ताभर रडत आले. आई रडली नाही. “बरोबर आहे त्याचं, अख्ख्या चाळीला किती दिवस पुरवेल तो,” म्हणाली आणि डब्यातले तांदूळ मोजायला बसली. अण्णांनी पुढे गिरणीचं नावच टाकलं, आम्ही डोंबिवलीला आलो. ते राहू दे.

पण आईला कारण कळलं होतं. म्हणून ती उठून तांदूळ मोजू शकली. मला ह्या ‘अंतर्गत धोरणा’शी बोलता येत नाही, भांडता येत नाही, त्याचं बरोबर आहे असंही म्हणता येत नाही. मग मी माझ्यातच शोधत बसते. साडी नेसून बसायला हवं होतं का? कुकर नंतर लावला असता तर? ५१ व्या वर्षी हे विचार.

आज दुपारी रिझर्व्ह बँकेचे नियम काढून वाचले. कार्डांबद्दलच्या निर्देशांत स्वच्छ लिहिलंय, अर्ज नाकारला तर त्याचं नेमकं कारण लेखी कळवायचं. नेमकं. तीनदा वाचलं, आणि मंगळवारपासून पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं. लगेच बँकेला पत्र लिहिलं. कार्ड द्यायचं की नाही हा तुमचा अधिकार, मला कारण लिहून द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिली, सिलिंडरच्या नोंदीशेजारी. दर महिन्याला लोकांच्या जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखा सांभाळते, ही एक माझी.

शाखेतली मुलगी फोनवर म्हणाली, पंचवीस हजारांची एफडी ठेवा, तिच्यावर कार्ड लगेच निघेल. तिने मदतच केली. ठेवेनही कदाचित. घाई आता राहिली नाही, फी संध्याकाळी ह्यांच्या कार्डावरून भरून झाली. धाकटी “थँक्यू बाबा” म्हणाली.

मग मी दूध आणायला म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरच्या पाटीवाल्याकडे गेले. बँकेसाठी नाही, असं वाटेत मनाशी म्हणत होते. थोडं बँकेसाठीही होतं. त्याला कागदावर नाव लिहून दिलं, खाली ‘हिशेब, आयकर, जीएसटी’. मोठ्या अक्षरांत काय घ्यायचं, नाव की आडनाव, त्याने विचारलं.

नाव, म्हटलं. सोमवारी देतो म्हणाला.