डिफॉल्ट फोल्डरात राहून गेलेला माणूस

विंडोजच्या सी ड्राइव्हवर 'यूजर्स' या फोल्डरात 'डिफॉल्ट' नावाचा एक फोल्डर असतो. तो लपवलेला असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनीही तो पाहिलेला नसतो. एखाद्या मशीनवर कुणी पहिल्यांदा लॉगिन केलं, की याच फोल्डराची प्रत काढून विंडोज त्या माणसाचं प्रोफाइल तयार करतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, ॲप्सच्या सेटिंग्ज आणि 'एनटीयूजर डॅट' ही फाइल, म्हणजे त्या माणसापुरती रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा), हे सगळं इथून जातं. ज्यांचं प्रोफाइल आधीच तयार आहे, त्यांना या फोल्डराशी काही देणंघेणं नसतं. तो असतो पुढे येणाऱ्यांसाठी. म्हणूनच त्यात काय ठेवलंय याची काळजी कुणीतरी आधी घ्यावी लागते. जो येणार आहे, तो ती घेऊ शकत नाही.

महापे एमआयडीसीतल्या एका मोठ्या ऑफिसात मी डेस्कटॉप मशिन्सचं काम बघते. अर्ज तपासणं, त्यांतली माहिती भरणं, असं बॅक-ऑफिसचं काम तिथे तीन शिफ्टमध्ये चालतं. कुणाची ठरलेली सीट नाही. जी जागा रिकामी मिळेल तिथे बसायचं, लॉगिन करायचं. त्यामुळे एकेका मशीनवर सतत नवी माणसं येत असतात आणि डिफॉल्ट फोल्डराला रोजचं काम असतं. ज्या ऑफिसात एका मशीनवर एकच माणूस वर्षानुवर्षं बसतो, तिथे पुढे सांगतेय तसा घोळ कदाचित कधी उघडकीलाही येणार नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या निमित्ताने आमच्याकडे मजल्यामागून मजला विंडोज ११ वर जात होता. एका मजल्याचं काम बाहेरच्या व्हेंडरला दिलं होतं. त्यांनी एक मशीन हवं तसं तयार केलं, त्याची इमेज, म्हणजे त्यातल्या सगळ्याची हुबेहूब प्रत, काढली आणि शनिवार-रविवारी मजल्यावरच्या सगळ्या मशिन्सवर ती मारली. सोमवारी सकाळी फ्रेशर्सची बॅच आली. ती मुद्दाम याच मजल्यावर बसवायची ठरली होती, कारण तिथली मशिन्स नवी कोरी.

पासवर्ड टाकला की 'वेलकम' यायचं, चाकं थोडा वेळ फिरायची आणि मग ओळ यायची: 'द यूजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड द साइन-इन. यूजर प्रोफाइल कॅनॉट बी लोडेड.' ओके दाबलं की पुन्हा लॉगिनची स्क्रीन. एका मशीनवर नाही, जिथे जिथे नवा मुलगा किंवा मुलगी बसली होती तिथे प्रत्येक ठिकाणी.

मी पोचले तेव्हा टिटवाळ्याहून आलेली एक मुलगी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. गळ्यातल्या आयकार्डाच्या पाकिटात पासवर्डाची चिठ्ठी घडी करून ठेवलेली. मला बघताच ती म्हणाली, "मॅम, मी तीनदाच टाकला पासवर्ड. चौथ्यांदा नाही टाकला. माझं अकाउंट लॉक झालं का?" मी म्हटलं, "अगं, तुझा पासवर्ड बरोबर आहे. चुकीचा असता तर मशीनने तुला 'वेलकम'पर्यंतसुद्धा येऊ दिलं नसतं." तिचा विश्वास बसला असं वाटलं नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मशीनने नकार दिला, की माणसाला आधी स्वतःचंच काहीतरी चुकलं असं वाटतं. मला त्या सकाळी सगळ्यात जास्त लागलं ते हेच. बिघाड इमेज बनवताना झालेला आणि ओशाळलेली ही पोरं.

तोवर नेटवर्कवाले स्विचच्या खोलीत गेले होते. व्हेंडरचा इंजिनिअर फोनवर होता: "मॅडम, आमच्याकडून सगळं टेस्टेड आहे. माझ्या लॉगिनने आत्तासुद्धा चालतंय." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लोकल ॲडमिन अकाउंटचं प्रोफाइल इमेजमध्येच तयार होऊन आलं होतं. त्याला डिफॉल्ट फोल्डराची गरजच पडत नव्हती.

मी त्याच ॲडमिन अकाउंटने आत गेले आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ॲप्लिकेशन लॉग उघडला. यूजर प्रोफाइल सर्व्हिसच्या नावावर १५०९ क्रमांकाची नोंद होती: अमुक फाइल कॉपी करता आली नाही, नेटवर्कची अडचण किंवा अपुऱ्या परवानग्या हे कारण असू शकतं. यातला 'नेटवर्क' हा शब्द वाचून माणसं स्विचकडे धावतात. पण त्याच नोंदीच्या शेवटच्या ओळीत 'ॲक्सेस इज डिनाइड' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि फाइलचा पत्ता मशीनच्याच सी ड्राइव्हवरचा होता. डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे ऑफिसातली लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या, नेटलॉगॉन शेअरवर 'डिफॉल्ट यूजर डॉट व्ही६' नावाचा फोल्डर ठेवला असेल, तर विंडोज आधी तो घेतं. म्हणून तिथेही एकदा बघून आले. तिथे तसं काही नव्हतं. मग प्रश्न या मशीनच्या डिफॉल्ट फोल्डराचाच.

'आयकॅक्ल्स' ही आज्ञा देऊन त्या फाइलच्या परवानग्या बघितल्या. सिस्टिम होतं, ॲडमिनिस्ट्रेटर्स होते, आणि तिसऱ्या जागी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारी आकड्यांची लांबलचक माळ. नाव नाही. विंडोजला अकाउंटचं नाव सापडलं नाही की त्याचा नुसता ओळखक्रमांक तिथे दिसतो. म्हणजे हा फोल्डर कुणा एका माणसाचा होता, त्याचं अकाउंट इमेज काढण्याआधी पुसलं गेलं होतं, आणि फाइल्स अजून त्याच्याच नावावर होत्या. साध्या यूजरला त्या वाचायचीसुद्धा मुभा नव्हती. मग प्रत कशी निघणार?

मॅनेजर शेजारीच उभे होते. "परवानग्या देऊन टाक आणि मुलांना बसव," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जागी ते बरोबर होतं, अख्खा मजला रिकामा बसला होता. मी एकाच मशीनवर तसं करून बघितलं. परवानग्या मूळ पदावर आणल्या आणि टेस्ट अकाउंटने लॉगिन केलं. या वेळी आत गेले. डॉक्युमेंट्सवर क्लिक केलं तर 'लोकेशन इज नॉट अव्हेलेबल'. पत्ता त्या पुसलेल्या अकाउंटच्या फोल्डराचा. 'एनटीयूजर डॅट'मध्ये यूजर शेल फोल्डर्स या जागी ज्याच्या त्याच्या प्रोफाइलचा सापेक्ष पत्ता असायला हवा, तिथे त्या माणसाचा ठाम पत्ता लिहिला गेला होता. टास्कबारवरचे शॉर्टकटही तिकडेच बोट दाखवत होते.

मग ब्राउझर उघडला. बुकमार्क त्याचे. हिस्टरी त्याची. इमेज बनवताना त्याने मधल्या वेळात स्वतःची कामंही केली होती. एका तपासणी केंद्राच्या रिपोर्टचं पान, कर्जाच्या हप्त्याचं पान. मी ती खिडकी लगेच बंद केली. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड विंडोज त्या त्या यूजरच्या किल्लीने बंद करून ठेवतं, त्यामुळे ते दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये उघडत नाहीत. हिस्टरी आणि बुकमार्कला असं कुलूप नसतं. मजल्यावर जो कुणी नवा येईल, त्याच्या हातात या माणसाचं घरगुती आयुष्य पडणार होतं. मी मॅनेजरांना म्हटलं, "सर, नुसत्या परवानग्या देऊन मी हे चालू करणार नाही." त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि वेळ दिली.

त्या क्षणाला अख्खी इमेज नव्याने बनवणं शक्य नव्हतं. पण डिफॉल्ट फोल्डर बदलता येतो. विंडोज ११ च्या त्याच बिल्डच्या मीडियावर 'इन्स्टॉल डॉट विम' ही विंडोजची मूळ इमेज असते. ती डिझ्म या विंडोजच्या साधनाने फक्त वाचण्यापुरती माउंट केली, म्हणजे उघडून जोडली, की आत मायक्रोसॉफ्टने दिलेला, कुणाचाही हात न लागलेला डिफॉल्ट फोल्डर मिळतो. तो घेताना एक खबरदारी लागते. त्यात 'ॲप्लिकेशन डेटा'सारखे काही जुन्या नावांचे फोल्डर दिसतात. ते खरे फोल्डर नसून जंक्शन असतात, म्हणजे दुसऱ्या फोल्डराकडे नेणाऱ्या वाटा. भोळेपणाने कॉपी केलं तर कॉपी करणारा प्रोग्राम त्या वाटांनी गोल गोल फिरत राहतो. म्हणून रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या आज्ञेला जंक्शन वगळायला सांगायचं.

जुना डिफॉल्ट काढला, स्वच्छ आणून ठेवला, परवानग्या तपासल्या. टिटवाळ्याच्या मुलीला बोलावलं आणि म्हटलं, "आता टाक." 'वेलकम' आलं, मग नवीन यूजरला दिसतो तो 'हाय' आला, आणि मग कोरा डेस्कटॉप. तिने आधी डॉक्युमेंट्स उघडून बघितलं, कारण मघाशी मी तेच उघडताना तिने पाहिलं होतं. मग स्क्रिप्ट करून बाकीच्या मशिन्सवर पाठवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर बॅच कामाला बसली.

संध्याकाळी व्हेंडरने दिलेली हँडओव्हर शीट वाचली. सगळं त्यात पायरीपायरीने लिहिलेलं होतं. स्वतःच्या अकाउंटमध्ये सेटिंग करा. मग रोबोकॉपीने ते प्रोफाइल परवानग्यांसकट डिफॉल्टवर कॉपी करा. अकाउंट पुसा. सिसप्रेप (इमेज काढण्याआधी मशीनची स्वतःची ओळख पुसणारं साधन) चालवा. ही पद्धत एक्सपीच्या काळातली आहे. तेव्हा यूजर प्रोफाइल्सच्या खिडकीत 'कॉपी टू' बटण असायचं आणि बरेच जण त्यानेच काम करायचे. विंडोज ७ पासून ते बटण डिफॉल्ट प्रोफाइल सोडून बाकी सगळ्यांसाठी बंद आहे, आणि हाताने कॉपी करायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. मान्य असलेला मार्ग वेगळा आहे. नव्या विंडोजच्या पहिल्या स्क्रीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये जायचं, अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटमध्येच सेटिंग करायचं, आणि अनअटेंड फाइलच्या, म्हणजे विंडोज बसवतानाच्या सूचना आधीच लिहून ठेवलेल्या फाइलच्या, स्पेशलाइझ टप्प्यात 'कॉपीप्रोफाइल' ला 'ट्रू' द्यायचं. मग सिसप्रेपनंतर विंडोज स्वतः ते प्रोफाइल डिफॉल्टमध्ये नेतं.

पण मला खरं वाईट वाटलं ते शीटवरचं कारण वाचून. व्हेंडरच्या इंजिनिअरला डिफॉल्टमध्ये फक्त दोन गोष्टी हव्या होत्या: मराठी कीबोर्ड, कारण अर्जांवरची नावं-पत्ते मराठीत भरावे लागतात, आणि आधी दिवस, मग महिना अशी तारीख. कारण योग्यच होतं. अमेरिकन पद्धतीची तारीख राहिली तर तीन एप्रिलचा चार मार्च होतो आणि अर्ज परत येतो. या दोन गोष्टींसाठी अख्खं प्रोफाइल उचलायची गरजच नाही. रीजनच्या खिडकीत 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबवर 'कॉपी सेटिंग्ज' आहे. तिथे खाली दोन चौकोन आहेत, एक वेलकम स्क्रीनसाठी, एक नव्या यूजर अकाउंटसाठी. दोन्हींवर टिक करायची, झालं. विंडोज ११ मध्ये हेच पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीत एका ओळीतही होतं. त्या सोमवारी दुपारी मी तेच केलं होतं.

नव्या इमेजमध्ये मी कॉपीप्रोफाइलही वापरलेलं नाही. ते चुकीचं नाही, पण ते जे काही सापडेल ते सगळं उचलतं, आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या प्रोफाइलमध्ये काय काय साचलंय हे दर वेळी तपासत बसावं लागतं. डिफॉल्ट जसा येतो तसाच ठेवायचा, भाषा आणि तारीख वरच्या मार्गाने द्यायची, वॉलपेपर आणि ब्राउझरच्या सेटिंग्ज ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या मशिन्सना लागू होणाऱ्या नियमांतून, आणि फाइल कुठल्या ॲपमध्ये उघडायची ते डिझ्मच्या असोसिएशन फाइलमधून, असं आता ठरलंय. स्वीकारतानाची चाचणीही बदलली. इमेज मारलेल्या मशीनवर पूर्वी कधीच न गेलेल्या, ॲडमिन नसलेल्या अकाउंटने पहिलं लॉगिन करायचं, डॉक्युमेंट्समध्ये एक फाइल सेव्ह करायची, लॉगआउट करून परत यायचं आणि ती फाइल उघडायची. त्याशिवाय मी सही करत नाही.

व्हेंडरच्या इंजिनिअरला मी दुसऱ्या दिवशी एकट्याला फोन केला. परवानग्यांचं बोलून झालं आणि मग हिस्टरीचं सांगितलं. तो काही वेळ बोललाच नाही. मग विचारलं, "मॅडम, ते पुसलंत ना?" मजल्यावरच्या मशिन्समधून गेलं होतं, पण ती इमेज आमच्या डिप्लॉयमेंट सर्व्हरवर होती आणि त्यांच्या ऑफिसातही एक प्रत होती. आमची मी काढली, त्यांची त्याने. शिवाय परवानग्या देऊन जिथे मी लॉगिन करून बघितलं होतं, त्या मशीनवरचं टेस्ट प्रोफाइलही काढलं. तेसुद्धा सिस्टिम प्रॉपर्टीजमधून, नुसता फोल्डर डिलीट करून नाही, कारण तसं केलं तर रजिस्ट्रीच्या प्रोफाइललिस्टमध्ये नोंद तशीच राहते आणि तोच यूजर परत आला की त्याला तात्पुरतं प्रोफाइल मिळतं, ज्यात सेव्ह केलेलं सगळं लॉगआउटबरोबर जातं. त्याच व्हेंडरने पूर्वी केलेला आणखी एक मजला आहे. तिथली मशिन्स मी आता शिफ्ट बदलताना, रिकामी मिळतील तशी, एकेक करून तपासतेय.